विल्यम केरी व त्यांचे वाचन

मनुष्यास जशी अन्नाची आवडनिवड असते तशी वाचनाचीही असते. कोणी धर्मपुस्तकांवाचून दुसरे पुस्तक हाती घेत नाही व इतर वाचनात वेळ फुकट जातो असे मानतो. कोणास कथाकादंबऱ्यांपलीकडे काही रुचत नाही. कोणाचे वाचन वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आरंभ पावते व शेवटच्या पानावर संपते. ह्या सर्वांची एक समजूत मात्र सारखी असते, ती ही की, जे पुस्तक आपल्या आवडीचे नाही ते आपल्या उपयोगाचेही नाही. ही समजूत किती फोल आहे हे पाहावयाचे असल्यास डॉ. विल्यम केरी ह्यांच्या चरित्राकडे वळावे. इ. स. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण व मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान छापून काढणारे हेच ते केरीसाहेब. त्यांनी स्थापिलेल्या मिशनाविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल. म्हणून आज आम्ही त्यांच्या वाचनाविषयी थोडे सांगू इच्छितो, कारण त्यांच्या आयुष्यास जी जी वळणे लागली ती बहुतेक अनोळखी पुस्तकांमुळेच लागली.

केरी ह्यांचा जन्म इ. स. १७६१ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ व्या तारखेस इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड हा घरी मागावर कापड विणीत असे. पुढे त्यास गावच्या शाळामास्तराचे काम मिळाले, म्हणून मुलाच्या हाती पुस्तके येऊ लागली. पीटर नावाचा एक काका कॅनडा देशी राहून आला होता व बागाईत जाणत होता. त्याच्यापासून दूरच्या देशांच्या गोष्टी ऐकता ऐकता विल्यमला झाडापाल्याचाही नाद लागला. कोलंबस ह्या दर्यावर्दी पुरुषाविषयी तो इतके बोले की, सोबती त्यास त्याच नावाने हाक मारू लागले.

ह्या मुलाची वाचनाची आवड ठरलेली होती. सृष्टिविज्ञान, इतिहास व प्रवासवर्णने ही त्याची पुस्तके. कादंबऱ्या व नाटके ह्यांचा त्यास तिटकारा होता, आणि धर्मविषयक पुस्तकांपासूनही तो तितकाच दूर राही. पुढे मोठेपणी त्यांनी ही गोष्ट स्वतःच लिहून ठेविली आहे. जॉन बनियनचा यात्रेकरूविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ, जो आपल्याकडे 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने मराठीत आला, तो त्याने मोठ्या हौसेने वाचला खरा, परंतु केवळ अद्भुत कथा म्हणून. त्यातील बोध त्याच्या अंतःकरणास शिवला नाही. पुढे ज्या पुरुषाच्या खटपटीने पवित्र शास्त्र किंवा त्याचे भाग चाळीसच्या आसपास भाषांत निघाले, त्यास बाळपणी धर्मपुस्तक डोळ्यांसमोर नकोसे वाटत होते, हे आमच्या वाचकांनी ध्यानात धरावे. आपली मुले अमुकच पुस्तके वाचतात म्हणून निराश होणाऱ्या आईबापांस ह्यात धीर आहे. आणि अमुकच वाचीन म्हणून हट्ट धरणाऱ्यांस इशारा आहे.

उन्हात काम केल्याने विल्यमच्या तोंडाच्या व हातांच्या कातडीस विकार होई, म्हणून शेतमजुरी त्यास साधेना. सुमारे चौदा वर्षांचा असता बापाने त्यास जवळच्या पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नावाच्या चांभाराकडे उमेदवार ठेविले. ह्या दुकानातच दोन गोष्टी घडल्या. धन्याच्या थोड्याशा पुस्तकांत नव्या करारावरील एक टीकाग्रंथ होता व त्यात मधून मधून ग्रीक अक्षरे छापलेली होती. धर्मपुस्तक म्हणून मुलाने ते उघडले नसते, पण न समजणारी अक्षरे पाहून त्याच्याने राहवेना. त्याने ती जशीच्या तशी कागदावर उतरून घेतली, आणि आपल्या गावी टॉमस जोन्स म्हणून एक विणकर राहत असे त्याजकडे नेली. हा जोन्स चांगला शिकलेला होता, पण दैवगतीने हलक्या स्थितीस आला होता. त्याने मुलास अर्थ सांगितला, व अशा रीतीने जो पुढे बंगाली व मराठी नव्या कराराच्या भाषांतरास लागणार होता तो मूळ ग्रीक भाषेच्या उंबरठ्यावर प्रथम आला.

दुसरी गोष्ट अशी. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. केरीचे घराणे सरकारी चर्चचे, वॉरचे घराणे त्या चर्चपासून निराळे झालेल्यांपैकी. अशा लोकांविषयी केरीच्या मनात तुच्छता असे. दोघांचे वाद होत व वादात केरी बोलून जिंके, पण मन मात्र हरे. वॉरने त्यास आपल्याकडील पुस्तके वाचावयास दिली. ज्या लोकांस आपण हसतो त्यांचीच पुस्तके वाचणे अभिमानी तरुणास सोपे नव्हते. तरी त्याने ती वाचली, आणि हळूहळू त्याचे विचार पालटत गेले. इ. स. १७७९ च्या फेब्रुवारी महिन्यात हॅकल्टन येथील लहानशा प्रार्थनामंदिरात त्याने आपले आयुष्य प्रभूस वाहिले, आणि इ. स. १७८३ च्या ऑक्टोबरात नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

पुढे इ. स. १७८५ मध्ये केरी मोल्टन गावी राहावयास गेले. तेथे ते शाळा चालवीत, उपदेश करीत व पोटासाठी जोडे शिवीत. गरिबी इतकी की, पुष्कळ दिवस घरात पुरेसे अन्नही नसे. तरी लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्यांखेरीज त्यांनी एका जुन्या पुस्तकावरून डच भाषा व दुसऱ्या एका पुस्तकावरून फ्रेंच भाषा वाचण्यापुरती हस्तगत केली. केटरिंग येथील टॉमस गॉच नावाचे जोड्यांचे व्यापारी ह्यांच्या हे ध्यानात आले, तेव्हा केरी ह्यांनी जोडे शिवणे सोडून अभ्यास करावा म्हणून त्यांनी त्यांस आठवड्यास दहा शिलिंग देऊ केले. ह्या सद्गृहस्थाचे नाव आज फार थोड्यांस ठाऊक आहे, परंतु त्याच्या देणगीचे फळ आपणही खात आहो.

मोल्टन येथे कॅप्टन कुक ह्यांच्या समुद्रप्रवासाचे वर्णन केरी ह्यांच्या हाती आले. ते पुस्तक एका खलाश्याचे. त्यात उपदेश नाही, प्रार्थना नाही. बेटे, वारे, माणसे व त्यांच्या चालीरीती हा त्याचा विषय. त्या काळी इंग्लंडात हजारो लोक ते करमणुकीसाठी वाचीत. केरी ह्यांनी मात्र वाचता वाचता ह्या बेटांवरील माणसांचा हिशेब मांडावयास आरंभ केला. त्यांनी कागदाचे तुकडे जोडून जगाचा एक मोठा नकाशा केला, तो कामाच्या जागी भिंतीवर लाविला, आणि प्रत्येक देशावर तेथील लोकसंख्या, धर्म व रीतिरिवाज ह्यांची जेवढी माहिती मिळेल तेवढी लिहून ठेविली. जोडे शिवीत असता दृष्टी वर करावी तो समोर सारे जग. ज्या बोजाने पुढे त्यांस घरदार सोडावयास लाविले, तो बोजा खलाश्याच्या पुस्तकाने त्यांच्या अंतःकरणावर ठेविला. उपदेशकांची पुस्तके वाचणाऱ्या त्यांच्या बंधूंस तोपर्यंत ह्या गोष्टीची फारशी जाणीव नव्हती.

ह्या वाचनाचे फळ इ. स. १७९२ मध्ये प्रसिद्ध झाले. परराष्ट्रांत सुवार्ता गाजविणे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे की काय, ह्याचा विचार करणारे ते ८७ पानांचे लहानसे पुस्तक होते. त्यात देशवार कोष्टके होती, व सर्व जगाची लोकसंख्या ७३ कोटी १० लाख धरली होती. उत्तर अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांत काम करणारे एलियट व ब्रेनर्ड ह्यांच्या हकीकतीही केरी ह्यांनी त्यात घेतल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशयाच्या ५४ व्या अध्यायावर उपदेश केला, आणि २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी मंडळी स्थापन झाली. त्या दिवशी जमलेल्यांनी तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स देण्याचे वचन दिले. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हे काम उभे राहिले.

केरी इ. स. १७९३ च्या नोव्हेंबर महिन्यात बंगाल्यात उतरले. पहिली काही वर्षे त्यांस मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेख करून निर्वाह करावा लागला. येथे त्यांच्यापुढे निराळ्याच प्रकारचे वाचन आले. लोक बोलत ती बंगाली भाषा पुस्तकांतून पुरती सापडेना. म्हणून बाजारकरी, कोळी, मजूर व बायका आपसांत कशा बोलतात ते त्यांनी कान देऊन ऐकले, आणि इ. स. १८०१ मध्ये 'कथोपकथन' नावाचे संवादांचे पुस्तक छापले. त्यात थोरामोठ्यांच्या बोलण्याबरोबर भांडखोर बायकांचे व भिकाऱ्यांचे बोलणेही आहे. जो पंडितांचे ग्रंथ वाचतो त्याने पाणवठ्यावरचे बोलणेही वाचावे, असाच जणू त्याचा भाव आहे.

इ. स. १८०० च्या आरंभी ते श्रीरामपुरास गेले. आमच्या अहमदनगराकडील वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये; हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी असून तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. तेथे मार्शमन व वॉर्ड ह्या दोघा बंधूंसह त्यांनी छापखाना चालविला, व इ. स. १८०१ मध्ये बंगाली नवा करार प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कलकत्त्यातील फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. तेथे ते बंगाली, संस्कृत व पुढे मराठी शिकवू लागले.

आता जी गोष्ट आम्ही सांगणार आहो तिजमुळे काही भाविक वाचकांस अचंबा वाटेल. श्रीरामपूरच्या ज्या छापखान्यातून शुभवर्तमाने निघत, त्याच छापखान्यातून इ. स. १८०४ मध्ये केरी ह्यांनी संस्कृत 'हितोपदेश' छापला, आणि इ. स. १८०६ ते १८१० ह्या काळात मार्शमन ह्यांच्या साहाय्याने वाल्मीकीच्या रामायणाचे इंग्रजी भाषांतर तीन खंडांत काढले. मिशनरी मनुष्याने हे करावे काय? ह्या कामास एशियाटिक सोसायटी व फोर्ट विल्यम कॉलेज ह्यांचे द्रव्यसाहाय्य होते व तो पैसा मिशनास उपयोगी पडे, हे एक कारण झाले. परंतु मोठे कारण असे की, ज्या लोकांशी बोलावयाचे त्यांच्या मनात कोणत्या कथा घोळतात, ते कशास पुण्य व कशास पाप म्हणतात, हे त्यांची पुस्तके वाचल्यावाचून कळत नाही. त्या ग्रंथांतील सर्व मते केरी ह्यांनी मान्य केली असे नाही. पुष्कळ ठिकाणी त्यांचे मत कठोर होते. तरी त्यांनी ते ग्रंथ न वाचता दूषण दिले नाही. दानिएल खास्द्यांची विद्या शिकला तरी देवाशी विश्वासू राहिला. मोशे मिसऱ्यांच्या विद्येत वाढला. पौलाने अथेनै येथे बोलताना ग्रीकांच्या कवींचा आधार घेतला. पाया पक्का असेल तर दारे उघडी ठेवण्यास भय नाही, हे ह्या तिघांवरून दिसते.

मराठी भाषेशी केरी ह्यांचा संबंधही असाच अपरिचितापासून जडला. ते महाराष्ट्रात कधी आले नाहीत. वैजनाथ पंडित नावाच्या विद्वानापासून ते ही भाषा शिकले. इ. स. १८०५ चे व्याकरण, इ. स. १८१० चा मोडी अक्षरांतील शब्दकोश व इ. स. १८११ चा नवा करार ही त्या श्रमांची फळे होत. पुढे वैजनाथ पंडितांच्या हातून 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' व 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' ही मराठी गद्य पुस्तके इ. स. १८१४ ते १८१६ ह्या काळात श्रीरामपुरी छापून निघाली. ह्यांपैकी शेवटचे पुस्तक मूळ बंगाली, रामराम बसू ह्यांचे. बंगाल्यातील राजाची कथा मराठी वाचकाच्या हाती देणे, म्हणजे त्यास शेजाऱ्याच्या अंगणात नेण्यासारखेच होते. केरी ह्यांच्या मराठी भाषांतरात उणिवा होत्या व मुंबईकडील लोकांस त्याची भाषा परकी वाटे. म्हणून अमेरिकन मिशनाने मुंबईस नव्याने भाषांतर करून इ. स. १८२६ मध्ये नवा करार छापला. परंतु पहिली पायवाट पाडणाऱ्यास काटे लागावयाचेच.

इ. स. १८०६ च्या जून महिन्यात लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या एका दिवसाची हकीकत दिली आहे. पहाटे हिब्रू शास्त्राचा अध्याय, मग घरच्या मंडळींसह बंगालीत प्रार्थना, मुनशीजवळ फारसी, हिंदुस्थानीत शास्त्राचा भाग, न्याहारीनंतर पंडिताबरोबर रामायण, दहापासून दोनपर्यंत कॉलेज, नंतर मुद्रिते तपासणे, मत्तयाचे संस्कृत भाषांतर, तेलुगू पंडिताजवळ पाठ, इंग्रजीत उपदेश, आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचा अध्याय. दिवसाचे पहिले व शेवटचे वाचन पवित्र शास्त्राचे, आणि मधल्या वेळात सारे जग. हा क्रम आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो.

बाळपणाचा वनस्पतींचा नादही त्यांनी सोडला नाही. श्रीरामपूर येथील त्यांची बाग मोठी नामांकित होती. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे अधिकारी डॉ. रॉक्सबर्ग ह्यांच्या मरणानंतर त्यांचा हिंदुस्थानातील वनस्पतींवरील ग्रंथ केरी ह्यांनीच छापून पुरा केला. रॉक्सबर्ग ह्यांनी एका जातीच्या झाडांस केरी ह्यांचे नाव दिले आहे. कोकणात व सह्याद्रीच्या रानात गोल हिरव्या फळांचा कुंभा आमच्या वाचकांनी पाहिला असेल. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव 'केरिया' आहे.

इ. स. १८१२ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, टाइप व अनेक वर्षांची हस्तलिखिते जळून गेली. त्यांत अनेक भाषांच्या शब्दांचा एकत्र कोशही होता. केरी तेव्हा पन्नास वर्षांचे होते. त्यांनी शोक केला, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसले. तेलुगू व पंजाबी व्याकरणे त्यांनी फिरून लिहून काढली. कोश मात्र पुन्हा झाला नाही.

ह्या उज्ज्वल चित्रास एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. केरी ह्यांची पहिली पत्नी डोरोथी हिने इ. स. १७८१ मध्ये विवाहाच्या नोंदीत नावाऐवजी फुलीची खूण केली, कारण तिला लिहिता येत नव्हते. भिंतीवरच्या नकाशाने नवऱ्याचे मन जिकडे ओढले तिकडे तिचे मन गेले नव्हते. हिंदुस्थानात येण्यास ती प्रथम राजी नव्हती. मग मोठ्या कष्टाने आली. येथे इ. स. १७९४ मध्ये तिचा पाच वर्षांचा पीटर मरण पावला, आणि त्या दुःखानंतर तिचे चित्त कायमचे भ्रमले. इ. स. १८०७ मध्ये ती वारली. तिच्या आजाराचे खापर पुस्तकांवर फोडणे अन्यायाचे होईल. तरी एका घरात एकाचे जग रोज वाढत जावे व दुसऱ्याचे चुलीपाशीच राहावे, ही गोष्ट वाचून आमचे मन खिन्न होते. पुढे इ. स. १८०८ मध्ये केरी ह्यांनी शार्लट रुमोर ह्या डॅनिश बाईशी विवाह केला. ती अनेक युरोपीय भाषा जाणत होती व भाषांतराच्या कामी तिचे साहाय्य झाले. ज्या घरात वाचन दोघांचे असते त्या घरात ते केवढे बळ देते, हे त्यावरून दिसून येते.

इ. स. १८३४ च्या जून महिन्याच्या ९ व्या तारखेस, वयाच्या ७२ व्या वर्षी, केरी श्रीरामपुरी देवाघरी गेले. तेथेच त्यांची कबर आहे.

आता आपण आपल्याकडे पाहू. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पुस्तकांची रेलचेल नाही हे आम्ही जाणतो. परंतु केरी ह्यांच्या चांभारदुकानातही ती नव्हती. त्यांच्या चरित्रावरून चार गोष्टी आपणांस घेता येतात, व त्यांस पैसा लागत नाही. पहिली ही की, वर्षात निदान एक पुस्तक आपल्या आवडीबाहेरचे घ्यावे व ते शेवटपर्यंत वाचावे. जो उपदेशाचीच पुस्तके वाचतो त्याने शेतकीचे, प्रवासाचे किंवा ताऱ्यांचे एखादे पुस्तक घ्यावे. जो कथाच वाचतो त्याने एखादे चरित्र घ्यावे. आणि जो तरुण धर्मपुस्तकास कंटाळतो त्याने एक शुभवर्तमान एका बैठकीत वाचून पाहावे. दुसरी, ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांचे पुस्तक त्यांना दूषण देण्यापूर्वी वाचावे. तिसरी, न समजलेले कागदावर उतरून जाणत्याकडे न्यावे, मग तो जाणता विणकर का असेना. चौथी, घरात जे वाचाल ते मोठ्याने वाचा, म्हणजे ज्या म्हातारीस अक्षर येत नाही व ज्या सुनेस चुलीपासून उठता येत नाही त्यांच्याही कानी ते पडेल.

पाळकांस व शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, मंदिरातील पेटीत जी पुस्तके पडून आहेत ती एका रविवारी बाहेर काढावी व वाचणाऱ्यांनी ती आपसांत अदलाबदल करावी. कोणत्या घरी गेलेले कोणते पुस्तक कोणाच्या भिंतीवर नकाशा लावील, हे आपणांस ठाऊक नाही. देवास ठाऊक आहे.